मुंबईत भूमिगत ग्रंथालय कसे बांधावे

भूमिगत ग्रंथालय म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर खोल खड्डा, जाड भिंती आणि लोखंडी दार उभे राहते. बाँब, आग किंवा दंगल यांपासून पुस्तके वाचवायची असतील, तर हे चित्र ठीक आहे. मुंबईत मात्र पुस्तकांचा पहिला शत्रू पाणी आहे आणि दुसराही पाणीच आहे, फक्त ते हवेत असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे बहुतेकांना आठवत असेल. २६ मे २०२५ च्या पावसात वरळीच्या आचार्य अत्रे चौक या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. अभियंत्यांची फौज हाताशी असलेल्या प्रकल्पाची ही गत होत असेल, तर एखाद्या वाचनालयाच्या तळघरातील पंप शंभर वर्षे चालू राहील असे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

म्हणून या लेखातील सर्व सूचना एकाच नियमावर उभ्या आहेत. खोलीत आलेले पाणी विजेशिवाय, पंपाशिवाय आणि माणूस तेथे हजर नसताना, केवळ उताराने बाहेर गेले पाहिजे. हा नियम ज्या जागेत पाळता येत नाही ती जागा कितीही सोयीची, फुकट मिळणारी किंवा मध्यवर्ती असली तरी सोडून द्यावी.

येथे गृहीत धरलेले ग्रंथालय लहान आहे. आतून ४.५ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच अशी एक खोली, दोन्ही लांब भिंतींलगत एकेक मांडणी आणि मधोमध एक दुहेरी मांडणी, प्रत्येकीला सहा फळ्या. एवढ्या जागेत सुमारे ९० मीटर फळी मिळते आणि पेट्यांची जागा वजा केली तरी दोन ते अडीच हजार पुस्तके सहज बसतात. उपनगरातील एखादे वाचनालय, शिक्षणसंस्था किंवा विश्वस्त मंडळ यांच्या आवाक्यातले हे काम आहे. यापेक्षा मोठे काही बांधण्याची हौस असल्यास एक मोठी खोली बांधण्यापेक्षा अशाच दोन खोल्या दोन वेगळ्या ठिकाणी बांधाव्यात.

जागा

कान्हेरीची लेणी ज्यांनी पावसाळ्यात पाहिली आहेत त्यांना जागेची निवड वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. तेथे शंभराहून अधिक लेणी डोंगराच्या पोटात आडवी कोरलेली आहेत. अंगणापेक्षा ओसरी उंच, ओसरीच्या आत खोली आणि कातळात कोरलेल्या पन्हळींतून पाणी थेट पोढ्यांत, म्हणजे पाण्याच्या टाक्यांत, जाते. डोंगरात आत जायचे, पण खाली उतरायचे नाही, ही त्या कारागिरांची रीत मुंबईच्या पावसाला साजेशी आहे. आपली खोलीही डोंगरउतारावर, दार उताराच्या बाजूला आणि दाराबाहेरची जमीन खोलीच्या तळापेक्षा खाली अशीच असावी.

मुंबईत असे उतार अजूनही आहेत. मलबार हिल, वरळीची टेकडी, शीव, घाटकोपर-विक्रोळीचा डोंगर ही त्यांची ओळखीची उदाहरणे. परंतु उतार दिसला म्हणून तो पक्का कातळ असेलच असे नाही. मुंबईच्या बसाल्टच्या थरांमध्ये जागोजागी गाळाचे मऊ थर दबलेले आहेत. वरळीला अशाच थरांत बेडकांचे जीवाश्म सापडले होते. अशा थराच्या वरच्या बाजूने पाणी पाझरत राहते आणि कधीकधी वरचा खडक त्यावरून घसरतो. ऑगस्ट २०२० मध्ये मलबार हिलच्या उतारावर दरड कोसळली, ती मुसळधार पावसातच. म्हणून भूतंत्रज्ञाकडून किमान दोन ठिकाणी बोअर घेऊन खडकाचे नमुने काढून घ्यावेत आणि हे काम ऑगस्टमध्ये करावे. मे महिन्यात घेतलेल्या बोअरमध्ये पाण्याची पातळी खोल दिसते आणि मालक, कंत्राटदार व विश्वस्त या सर्वांनाच खोटा दिलासा मिळतो.

पुराची पातळी कागदावर शोधत बसण्यापेक्षा परिसरातील जुन्या रहिवाशांना विचारावी. २००५ साली पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते, हे चाळीतील प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक असते. त्या खुणेपेक्षा खोलीचा तळ किमान एक मीटर वर हवा. समुद्राजवळची भराव घालून केलेली जमीन पूर्णपणे वर्ज्य मानावी. तेथे थोडे खणले की खारे पाणी लागते आणि उधाणाच्या भरतीच्या वेळी पावसाचे पाणी समुद्रात जाऊच शकत नाही. हाजी अली, वरळी, इर्ला येथे महापालिकेला पाणी उपसणारी केंद्रे बांधावी लागली, ती याच कारणाने.

आता एक असे संकट, ज्याचा उल्लेख वास्तुशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. मुंबईत इमारतीचे आयुष्य पाऊस ठरवत नाही, पुनर्विकास ठरवतो. तीसचाळीस वर्षांत सोसायटी पाडली जाते, वाहनतळासाठी अख्खा भूखंड खणला जातो आणि पोकलेनच्या चालकाला खाली काय आहे हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून निवासी सोसायटीचा भूखंड शक्यतो टाळावा. शाळा, महाविद्यालय, विहार, मठ किंवा चर्च यांचे आवार पसंत करावे. खोली मंजूर नकाशात, मालमत्तेच्या दस्तऐवजात आणि विश्वस्त संस्थेच्या घटनेत, अशी तिन्ही ठिकाणी नोंदवून घ्यावी. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेली असावी, म्हणजे जमीन परस्पर विकणे अवघड होते. महापालिकेची परवानगी तर लागतेच. शिवाय खणलेल्या दगडमातीवर गौण खनिजाचे स्वामित्वधन भरावे लागते, हे कंत्राटदार बहुधा शेवटी सांगतो. समुद्रकिनाऱ्यालगत किनारा नियमन क्षेत्राचे नियम वेगळे लागू होतात.

सपाट जमिनीवर खड्डा का नको

उतार मिळत नसेल तर लोक सपाट जमिनीत खड्डा खणून पक्के तळघर बांधण्याचा विचार करतात. या विचारातील धोका आकड्यांतच पाहावा. आपली खोली २५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींची, तेवढ्याच जाड तळाची आणि छताची केली, तर बाहेरून ती ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच होते; म्हणजे तिचे एकूण आकारमान ६० घनमीटर. त्यात काँक्रीट साधारण २०.६ घनमीटर, म्हणजे वजन सुमारे ५१.५ टन. पावसाळ्यात भूजल छतापर्यंत चढले की ही खोली ६० टन पाणी बाजूला सारते, आणि तेवढ्याच जोराने पाणी तिला वर उचलते. ५१.५ टनांची खोली ६० टनांच्या रेट्याखाली रिकाम्या घागरीसारखी वर येऊ पाहते. ती प्रत्यक्ष तरंगली नाही तरी तिरपी होते, सांधे उघडतात आणि पाणी आत येते. पुस्तकांचे वजन या हिशेबात धरू नये, कारण फळ्या रिकाम्या असतानाही खोली टिकली पाहिजे.

यावर उपाय आहे. तळाचे काँक्रीट चारही बाजूंनी अर्धा मीटर बाहेर काढले की त्या ओट्यावर सुमारे २७.५ घनमीटर माती बसते. पाण्यात बुडालेल्या अशा मातीचे परिणामी वजन घनमीटरला ०.९ टन धरले तरी २५ टनांच्या आसपास भर पडते आणि ओट्याचे स्वतःचे वजन वेगळे. एकूण ८० टन झाले, म्हणजे उचल सव्वापटीहून अधिक मारली गेली. मुंबईतील कंत्राटदारांना शहाबादी फरश्यांचे बॉक्स वॉटरप्रूफिंगही चांगले येते; खोदाईच्या तळाशी आणि भिंतींच्या बाहेरून खडबडीत फरश्या बसवून मागे पाणीरोधक मसाला भरण्याची ही पद्धत शहरातील असंख्य पाण्याच्या टाक्यांत वापरलेली आहे. एवढे सगळे करूनही मी खड्ड्याची शिफारस करणार नाही. उचल थांबवता येते, पण एखाद्या वर्षी सांधा गळला तर आत आलेले पाणी बाहेर काढायला पुन्हा पंपच लागतो.

सपाट जमिनीवर याहून चांगला मार्ग म्हणजे खोली जमिनीत न नेता माती खोलीवर आणणे. पुराच्या खुणेपेक्षा एक मीटर उंच जोते बांधावे, त्यावर खोली उभारावी आणि तिन्ही बाजूंनी व छतावर मातीचा ढीग रचून तिला टेकडीचे रूप द्यावे. मातीची जाडी, स्थिर तापमान आणि आगीपासून संरक्षण हे भूमिगत खोलीचे सगळे लाभ तेथे मिळतात आणि पाण्याचा उतार आपल्या हातात राहतो. छतावर ६० सेंटिमीटर ओली माती म्हणजे चौरस मीटरला एक टनाहून अधिक भार, हे संरचना अभियंत्याला सुरुवातीलाच सांगावे. या टेकडीवर फक्त गवत लावावे. वड, पिंपळ किंवा उंबर यांचे रोप दिसले की त्याच आठवड्यात मुळासकट काढावे. मुंबईतील जुन्या भिंती पावसाने जेवढ्या फोडल्या नसतील तेवढ्या पिंपळाने फोडल्या आहेत.

बांधकाम

डोंगरउतारावर भुयार खोदू नये. ते काम धोक्याचे आणि महाग असते. उताराला पायरीसारखा काप घ्यावा, त्यात खोली बांधावी आणि मागाहून माती भरून उतार पूर्ववत करावा. काप घेताना मागच्या कड्याला आधार द्यावा लागतो आणि हे सर्व काम दिवाळीनंतर सुरू करून मे अखेरीपूर्वी माती भरण्यापर्यंत पोहोचले पाहिजे. उघडा काप पावसाळ्यात सोडणे म्हणजे दरडीला आमंत्रण होय.

खोली कशाची बांधावी, यावर मतभेद होतील. सळईचे काँक्रीट सर्वांना ठाऊक आहे, पण मुंबईच्या खाऱ्या हवेत सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. तीस वर्षांनंतर इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक केली आहे ती उगाच नाही. शिवडी आणि शीवच्या किल्ल्यांच्या काळ्या दगडाच्या भिंतींत सळई नाही. चुन्यात बांधलेली दगडी भिंत आणि त्यावर कमानीचे छत हा पर्याय मला अधिक भरवशाचा वाटतो, फक्त तो जाणणारा गवंडी मिळाला पाहिजे. न मिळाल्यास काँक्रीटच घ्यावे, मात्र सळईवर किमान ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण, फ्लाय अॅश किंवा स्लॅग मिसळलेले सिमेंट आणि पाणी कमी घातलेले घट्ट मिश्रण यांत तडजोड करू नये. दोन दिवसांच्या कामातील सांध्यात वॉटरबार, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, बसवण्याचा आग्रह धरावा. गळती बहुधा याच सांध्यातून सुरू होते.

खरे रक्षण भिंतीच्या मागे होते. मागच्या आणि बाजूच्या भिंतींच्या बाहेर ३० सेंटिमीटर जाडीची खडी भरावी, मातीने ती बुजू नये म्हणून खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड घालावे, आणि तळाशी छिद्रांचा पाइप टाकून त्याला शंभरास एक असा उतार देऊन त्याचे तोंड डोंगराच्या उघड्या बाजूला, डोळ्यांना दिसेल असे, काढावे. या पाइपाचे तोंड झाकून टाकणारा गवंडी हमखास भेटतो. तो कितीही सुबक काम करत असला तरी ते होऊ देऊ नये. छताला बाहेरून पन्नासास एक उतार द्यावा. आतल्या जमिनीलाही दाराकडे शंभरास एक उतार असावा आणि उंबरठ्यात पाणी बाहेर जाण्यापुरती एक नळी ठेवावी, तिच्या तोंडाला उंदीर व झुरळांसाठी स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवावी. पाया भरण्यापूर्वी जमिनीवर वाळवीप्रतिबंधक फवारणी करून घ्यावी, नंतर ती नीट करता येत नाही. आतून प्लास्टिक रंग लावू नये. चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना ओल अडवून धरत नाही आणि बुरशीलाही मानवत नाही.

विजेची कायमची जोडणी खोलीत घेऊ नये. पुस्तकांना आग लागण्याचे ते सर्वांत सोपे कारण आहे, आणि दिव्याची सोय असली की लोक तेथे बसून काम करू लागतात.

वाळवण

खोली बांधून झाली की सर्वांना उद्घाटनाची घाई होते आणि अशा खोल्यांमध्ये सर्वाधिक नुकसान या घाईतच होते. एक घनमीटर काँक्रीटमध्ये सुमारे १८० लिटर पाणी घातलेले असते. आपल्या खोलीच्या २० घनमीटर काँक्रीटमध्ये ते ३,६०० लिटर होते; त्यातील मोठा भाग सिमेंटशी रासायनिक रीतीने बांधला जातो, पण हजाराहून अधिक लिटर पाणी पुढे हळूहळू बाहेर पडत राहते. बाहेरून पाणीरोधक थर असल्यामुळे ते बाहेर जाऊ शकत नाही. ते खोलीतच येते. म्हणून पुस्तके आत नेण्यापूर्वी दोन पूर्ण पावसाळे जाऊ द्यावेत. पहिल्या पावसाळ्यात गळती शोधावी, हिवाळ्यात ती दुरुस्त करावी आणि दुसऱ्या पावसाळ्यात दुरुस्ती टिकली का ते पाहावे. या काळात खोलीत आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर, काही जुनी वर्तमानपत्रे आणि कातड्याचा एखादा जुना पट्टा ठेवावा. ओल असेल तर यंत्राआधी पट्टाच सांगतो.

हवा खेळती ठेवावी ही आपली घरातली शिकवण येथे उलटी करावी लागते. जमिनीत काही मीटर खाली तापमान त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीइतके राहते. मुंबईत ते सुमारे २७ अंश सेल्सिअस आहे. ध्रुवप्रदेशातील स्वालबार येथील बियाण्यांच्या भांडारासारखी नैसर्गिक थंडी आपल्या नशिबी नाही, हे आधी मान्य करावे. जुलैमध्ये बाहेरची हवा ३० अंशांची आणि ८५ टक्के आर्द्रतेची असते, तेव्हा तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २७ अंश असतो. ती हवा आत घेतली की २७ अंशांच्या भिंतीला घाम फुटतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की बुरशी धरते. उलट जानेवारीत उत्तरेकडून कोरडे वारे वाहतात तेव्हा दवबिंदू १६ अंशांखाली येतो, आणि तशी हवा २७ अंशांच्या खोलीत भरली तर आतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ५० टक्के होते, जी कागदाला मानवते.

यावरून वेळापत्रक आपोआप ठरते. खोली जानेवारीत, कोरड्या दिवशी, दुपारी उघडावी, दार आणि झरोका दोन्ही उघडे ठेवून दिवसभर हवा बदलू द्यावी आणि संध्याकाळी रबरी पट्टीचे दार आणि झरोका घट्ट लावावेत. पुस्तके आत गेल्यावर जून ते ऑक्टोबर दार उघडू नये. मंत्री, देणगीदार किंवा वार्ताहर आले तरी उघडू नये. दवबिंदू मोजण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही, तापमान आणि आर्द्रता यांवरून तो काढणारे तक्ते सहज मिळतात.

महिनोन्महिने बंद असलेल्या खोलीत शिरताना काळजी घ्यावी. प्राणवायू कमी झालेला असू शकतो. दार उघडून किमान अर्धा तास थांबावे, एकट्याने आत जाऊ नये, आणि दुसऱ्या माणसाने दारातच उभे राहावे.

काय ठेवावे

या प्रश्नावर समित्या भांडतात आणि शेवटी ज्ञानेश्वरी, संतगाथा, संविधान आणि विश्वकोश अशी यादी निघते. ही पुस्तके थोर आहेत, परंतु त्यांच्या प्रती महाराष्ट्रात घरोघरी आहेत आणि त्या जगवण्यासाठी डोंगर खोदण्याची गरज नाही. भूमिगत फळीवर पहिला हक्क अशा मजकुराचा, ज्याची प्रत दुसरीकडे कुठेच नाही. १९८२ च्या गिरणी संपातील पत्रके, चाळीतल्या मंडळांचे गणेशोत्सवाचे जमाखर्च, कोकणातील चाकरमान्यांच्या ग्रामस्थ मंडळांची हस्तलिखिते, घरात माळ्यावर पडलेले मोडीतले दस्तऐवज, कोळीवाड्यातील लग्नगीतांच्या वह्या, पाठारे प्रभू आणि ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणाऱ्या मुंबईच्या मूळ ख्रिस्ती घरांतील पाककृतींच्या नोंदी, वॉर्डातील विहिरी आणि बुजवलेल्या नाल्यांचे नकाशे. यांपैकी शेवटच्या गोष्टीची किंमत पुढच्या पिढीला आपल्यापेक्षा अधिक कळेल अशी माझी खात्री आहे.

हातांचे ज्ञान लिहून ठेवावे लागते, कारण ते आधी कुठे छापलेले नसते. मिठागरात पाणी कोणत्या खाचरातून कोणत्या खाचरात कधी सोडतात, होडीच्या फळ्यांमधल्या फटी कशा बुजवतात, डब्यांवरच्या खुणा डबेवाले कशा वाचतात, हे त्या माणसांना भेटून, आकृत्या काढून, त्यांच्याच शब्दांत नोंदवावे. असा एक चांगला दस्तऐवज शंभर विकत घेतलेल्या ग्रंथांना भारी ठरतो.

वाचण्याची किल्लीही आत हवी. मोडीची बाराखडी, देवनागरी आणि मोडी समोरासमोर दिलेले काही परिच्छेद, मराठी–इंग्रजी शब्दकोश, वजनमापांचे आणि शक–इसवी सनाचे कोष्टक, एवढे तरी ठेवावे. अमेरिकेत ओगलथॉर्प विद्यापीठाने १९४० साली एक दालन ८११३ साली उघडण्यासाठी बंद केले, तेव्हा त्यात इंग्रजी शिकवणारे यंत्रही ठेवले होते. आपल्याला सहा हजार वर्षांचा विचार करण्याची गरज नाही. मोडी वाचणारी माणसे तर आजच विरळ झाली आहेत.

उपलब्ध नसलेल्या पुस्तकांच्या प्रती काढताना कायद्याची अडचण बहुधा येत नाही. स्वामित्व हक्क अधिनियम १९५७ च्या कलम ५२ नुसार, भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या वापरासाठी करता येतात.

कागद, शाई आणि पेट्या

जुने दिवाळी अंक आणि वर्तमानपत्रे ज्या कागदावर छापली गेली तो लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त कागद आहे. तो कितीही कोरड्या खोलीत ठेवला तरी आतूनच पिवळा होऊन तुटतो. अशा मजकुराची प्रत आम्लरहित, कॅल्शियम कार्बोनेटचा अंश असलेल्या कागदावर लेझर प्रिंटरने काढावी. टोनरमधील कार्बन टिकतो, साध्या इंकजेटचे विरघळणारे रंग टिकत नाहीत. हाताने लिहायचे असल्यास काजळाची शाई वापरावी; जुन्या पोथ्यांमधील काजळाची अक्षरे आजही काळीभोर आहेत, तर लोहयुक्त शाईने लिहिलेले कागद अक्षरांच्या जागी कुरतडल्यासारखे फाटतात. मूळ प्रत फेकू नये, पण तिच्यावर भिस्तही ठेवू नये.

आत नेण्यापूर्वी टाचण्या, स्टेपल, रबर बँड आणि सेलोटेप काढावेत. प्लास्टिक लॅमिनेशन केलेली पाने आली तर त्यांची प्रत काढून प्रत ठेवावी. लॅमिनेशन हे कागदाचे रक्षण आहे हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे आणि त्याने पुष्कळ कागद बाद झाले आहेत. कसर किंवा वाळवीची शंका असलेली पुस्तके हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवावीत. पिशवी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. बासनात वेखंड आणि कडुनिंबाची पाने ठेवण्याची जुनी रीत चालू ठेवण्यास हरकत नाही, मात्र पाने कागदाला टेकू देऊ नयेत.

पुस्तके थेट फळीवर न ठेवता रबरी पट्टीच्या झाकणाच्या पेट्यांत ठेवावीत. पॉलिप्रॉपिलीनच्या चालतात, स्टेनलेस स्टीलच्या उत्तम. जर्मनीत फ्रायबुर्गजवळच्या जुन्या खाणीच्या बोगद्यात १९७५ पासून देशाच्या अभिलेखांच्या मायक्रोफिल्म अशाच स्टीलच्या बंद पिंपांत ठेवल्या जातात. पेट्या जानेवारीतच भराव्यात, म्हणजे आत कोरडी हवा बंद होते, आणि प्रत्येकीत नारिंगी रंगाच्या सिलिका जेलची पुडी ठेवावी. रंग हिरवट झाला की ती भट्टीत तापवून पुन्हा वापरता येते. सर्वांत खालची फळी जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर आणि मांडणी भिंतीपासून १५ सेंटिमीटर दूर असावी. लाकडी मांडणी नको.

हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह अशा खोलीत ठेवून विसरून जाण्याच्या वस्तू नाहीत. संगणकीय प्रती बाहेर, चालू यंत्रांवर, दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवत ठेवाव्यात. आत मायक्रोफिल्म ठेवावी, कारण ती वाचायला शेवटी एक भिंग आणि उजेड पुरतो. प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत सह्याद्रीपलीकडे, पुणे किंवा नाशिकच्या एखाद्या संस्थेत असावी.

नोंद आणि खूण

गुप्ततेचा मोह टाळावा. मलबार हिलवरील राजभवनाखाली तेरा खोल्यांचे भुयार होते आणि ते अनेक दशके बंद राहून २०१६ साली पुन्हा उघडले गेले. राज्यपालांच्या घराखालचे भुयार विस्मृतीत जाऊ शकते, तर आपल्या खोलीची काय कथा. चीनमधील दुनहुआंगची ग्रंथगुहा नऊशे वर्षे बंद राहूनही टिकली, ती वाळवंटात होती म्हणून. मुंबईत विसरलेली खोली ही बुडालेली खोली समजावी. म्हणून सूचीच्या छापील प्रती मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी, राज्य अभिलेखागार अशा संस्थांना भेट द्याव्यात आणि सूचीच्या पहिल्या पानावर खोलीचे ठिकाण, दाराची दिशा आणि पाण्याच्या पाइपाचे तोंड दाखवणारा नकाशा असावा.

दाराशेजारी काळ्या दगडावर शिलालेख कोरावा. पितळी पाटी चोरीला जाते आणि रंगवलेली दोन पावसाळ्यांत उडते. कान्हेरीला इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत आपली नावे आणि तारखा कोरल्या, त्या हजार वर्षांनंतरही वाचता येतात. मजकूर छोटा ठेवावा: आत काय आहे, कधी उघडावे, पावसाळ्यात का उघडू नये. देवनागरी आणि मोडी या लिप्यांत आणि इंग्रजीतही तो असावा. शिलाहारकाळात दानाचा भंग करणाऱ्याला शिवी घालणाऱ्या कोरीव शिळा, म्हणजे गधेगाळ, उभारत असत. तेवढ्या थराला जायचे की नाही, हे विश्वस्तांनी ठरवावे.

तरीही पाणी आले तर

भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी येऊ लागते आणि तेवढ्या वेळात अडीच हजार पुस्तके वाळवणे कोणालाही शक्य नाही. त्यांना गोठवणे मात्र शक्य आहे. उणे १८ ते २० अंशांत बुरशी थांबते आणि पुढे महिनोन्महिने सवडीने काम करता येते. या बाबतीत मुंबई भाग्यवान आहे. ससून डॉक आणि भाऊचा धक्का परिसरात मासळीसाठी बर्फ आणि शीतगृहांची मोठी सोय आहे. अशा एखाद्या शीतगृहाशी आधीच लेखी बोलणे करून ठेवावे आणि दर जूनमध्ये तो करार जिवंत असल्याची खात्री करावी. पुस्तके मेणकागदात गुंडाळून पाठवावीत, म्हणजे ती एकमेकांना चिकटत नाहीत आणि मासळीचा वासही लागत नाही.

भिजलेले पुस्तक उघडू नये, झटकू नये, उन्हात ठेवू नये. गुळगुळीत कागदाची सचित्र पुस्तके आधी उचलावीत, कारण वाळताना त्यांची पाने कायमची चिकटतात. त्यानंतर हस्तलिखिते, आणि छापील साधी पुस्तके शेवटी. पेट्यांवर पेन्सिलीने सूचीतील क्रमांक टाकलेला असेल, तर शीतगृहातून एका वेळी दहावीस पुस्तके मागवून, टीपकागद घालून, पंख्याखाली उभी करून वाळवता येतात. हे काम ज्यांना जमेल अशा चारपाच जणांची नावे व फोन क्रमांक दाराच्या आतल्या बाजूस लावावेत आणि दर जानेवारीत, खोली उघडली जाईल त्या दिवशी, ते बदलावेत.